सर्वांत छोटा स्पंद कुणाला हवा आहे?

‘जगातला सर्वांत वेगवान सूक्ष्मदर्शक’ अशी बातमी अधूनमधून येत असते. प्रयोगशाळा बदलते, मथळ्यातला आकडा मागच्यापेक्षा लहान होतो, बाकी मजकूर साधारण तोच राहतो. लेझरच्या प्रकाशाने इलेक्ट्रॉनांचे अतिअल्प काळाचे स्पंद तयार करायचे आणि त्यांच्या मदतीने अणू-रेणूंची हालचाल टिपायची, हे या बातम्यांमागचं शास्त्र. ते खरोखरच विलक्षण आहे, आणि म्हणूनच त्याची किंमत एका आकड्यावर ठरावी हे मला खटकतं. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या या संशोधनात ‘स्पंद किती छोटा’ या प्रश्नाला नको इतकं महत्त्व आलं आहे. ज्या कामांमुळे प्रत्यक्षात काही नवं दिसतं, ती मात्र मागच्या बाकावर बसली आहेत. हे पटवायचं तर आधी यंत्राच्या पोटात शिरावं लागेल.

दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर. घन पदार्थात शेजारशेजारच्या अणूंमधलं अंतर नॅनोमीटरच्या एक ते तीन दशांश भागाएवढं. इतक्या लांब तरंगांना दोन अणू वेगळे ओळखू येणं शक्यच नाही. लुई द ब्रॉय यांनी १९२४ साली इलेक्ट्रॉनही तरंगासारखा वागतो असं मांडलं, आणि १९२७ साली अमेरिकेत डेव्हिसन व जर्मर यांनी आणि ब्रिटनमध्ये जी. पी. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉनांचं विवर्तन, म्हणजे स्फटिकावरून तरंगांसारखं पसरून नक्षी उमटवणं, दाखवून त्यावर शिक्कामोर्तब केलं. १ लाख व्होल्टने वेग दिलेल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी भरते अवघी ३.७ पिकोमीटर (पिकोमीटर हा नॅनोमीटरचा हजारावा भाग), म्हणजे अणूच्या आकारापेक्षा कितीतरी लहान. क्ष-किरणांचीही तरंगलांबी अणू पाहण्याजोगी असते, पण पदार्थाशी त्यांची गाठ क्वचित पडते. इलेक्ट्रॉन त्यांच्यापेक्षा लाखपट किंवा त्याहूनही जास्त जोमाने विखुरतात. त्यामुळे इवल्याशा नमुन्यातूनही भरपूर माहिती मिळते. पातळ नमुन्यांपुरतं बोलायचं, तर तेवढ्याच उपयुक्त माहितीसाठी नमुन्याला होणारी इजाही इलेक्ट्रॉनांकडून शेकडो पटींनी कमी असते.

जागेचा प्रश्न असा सुटला. वेळेचा प्रश्न जास्त चिवट होता. रेणूंमधले अणू एकदा मागेपुढे व्हायला दहा ते काही शे फेम्टोसेकंद घेतात. एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं एवढ्या संख्येने भागून मिळणारा तुकडा. इतक्या झपाट्याने उघडझाप करणारं कोणतंही विजेचं झाकण नाही. लेझर इथे कामाला येतो. फेम्टोसेकंद लेझरच्या एकाच स्पंदाचे दोन भाग करायचे. एक भाग नमुन्यावर पडून त्याला हलवतो. दुसऱ्याचं अतिनील प्रकाशात रूपांतर करून तो धातूच्या फोटोकॅथोडवर मारला की इलेक्ट्रॉनांचा एक छोटा पुंजका बाहेर पडतो आणि विद्युतक्षेत्रातून वेग घेऊन नमुन्यावर येतो. दोन्ही भाग एकाच स्पंदातून निघालेले असल्याने त्यांची वेळ आपोआप जुळलेली असते. त्यांच्यातलं अंतर बदलायचं तर आरसा सरकवायचा: आरसा ०.१५ मायक्रोमीटर मागे नेला की प्रकाशाचा जाऊन-येऊन रस्ता ०.३ मायक्रोमीटरने वाढतो आणि एका फेम्टोसेकंदाचा उशीर होतो. काळ मोजण्याचं काम आरशाच्या स्क्रूवर सोपवण्याची ही युक्ती मला या साऱ्या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

जेरार मूरू आणि स्टीव्ह विल्यमसन यांनी १९८२ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टरमध्ये १०० पिकोसेकंदांच्या (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेम्टोसेकंद) इलेक्ट्रॉन स्पंदाने ॲल्युमिनियमच्या पटलाचं विवर्तनचित्र घेतलं, तिथून या गोष्टीची सुरुवात धरता येते. (हेच मूरू पुढे लेझरचे स्पंद प्रचंड तीव्र करण्याच्या पद्धतीसाठी डोना स्ट्रिकलंड यांच्याबरोबर २०१८ च्या नोबेलचे मानकरी ठरले.) कॅलिफोर्नियात अहमद झवैल यांनी रासायनिक क्रिया फेम्टोसेकंदांत पाहण्याचं शास्त्र उभं केलं, त्यासाठी १९९९ चं नोबेल घेतलं, आणि उरलेलं आयुष्य प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांनी तेच पाहण्यात घालवलं. टोरांटोत ड्वेन मिलर यांच्या गटाने २००३ मध्ये ॲल्युमिनियम वितळताना पाहिलं: साडेतीन पिकोसेकंदांत स्फटिकाची शिस्त मोडून द्रवाचा गोंधळ झाला. त्यांचा स्पंद सुमारे ६०० फेम्टोसेकंदांचा होता. आजच्या मथळ्यांपुढे तो आकडा मंद वाटेल, पण प्रश्नाला तो पुरेसा होता आणि उत्तर नवं होतं.

स्पंद आणखी छोटा करण्यातली मुख्य अडचण ही की इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर ढकलतात. पुंजक्यात जितके जास्त इलेक्ट्रॉन, तितका तो प्रवासात लांबतो. फोटोकॅथोडवरून निघताना असलेला छोटेपणा नमुन्यापर्यंत टिकत नाही. यावर झवैल यांचा उपाय टोकाचा होता: एका स्पंदात एकच इलेक्ट्रॉन सोडा, म्हणजे ढकलाढकलीच नको. तरीही प्रत्येक इलेक्ट्रॉनची सुरुवातीची ऊर्जा किंचित वेगळी असते. शर्यतीत एकाच इशाऱ्याला सुटलेले धावपटू जसे अंतर वाढेल तसे पांगतात, तशी त्यांची पोहोचण्याची वेळ मागेपुढे होतेच. मग नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनमध्ये रेडिओलहरींच्या पोकळीतून पुंजका नेऊन पुढच्यांना थोडं रोखायचं आणि मागच्यांना रेटायचं, म्हणजे सगळे नमुन्यापाशी एकत्र येतील, ही पद्धत वापरली गेली. २०१० पर्यंत मोठे पुंजकेही १०० फेम्टोसेकंदांच्या आत आले. पण रेडिओलहरींचं घड्याळ वेगळं आणि लेझरचं वेगळं, त्यामुळे दोघांच्या वेळेत बारीक डगमग आली. प्रयोगशाळेत तिला जिटर म्हणतात. म्हणून पेटर बाउम आणि फेरेंट्स क्राउस यांच्याशी संबंधित जर्मन गटाने २०१६ मध्ये रेडिओलहरी बाजूला ठेवून त्याच लेझरपासून तयार केलेल्या टेराहर्ट्झ लहरींनी (रेडिओलहरी आणि अवरक्त प्रकाश यांच्या मधल्या) पुंजके दाबून दाखवले.

त्यापुढचं पाऊल म्हणजे थेट प्रकाशलहरीनेच इलेक्ट्रॉनांना पुढेमागे ढकलणं. मोकळ्या निर्वातात एकटा इलेक्ट्रॉन एकटा फोटॉन गिळू शकत नाही. ऊर्जा आणि संवेग दोन्हींचा हिशेब एकदम जुळत नाही. पण मध्ये एखादं पातळ पटल किंवा सूक्ष्म टोक ठेवलं, तर त्याच्या अगदी जवळच्या प्रकाशक्षेत्रात ही देवाणघेवाण घडते. झवैल यांच्या गटाने २००९ मध्ये ती दाखवली. जर्मनीतल्या गॉटिंगेनमध्ये क्लाउस रोपर्स यांच्या गटाने तिचा उपयोग करून २०१७ मध्ये इलेक्ट्रॉनांची अ‍ॅटोसेकंद स्पंदांची मालिका तयार केली. अ‍ॅटोसेकंद म्हणजे फेम्टोसेकंदाचा हजारावा भाग; विश्व जन्मल्यापासून जितके सेकंद उलटले, त्याच्या दुपटीहून जास्त अ‍ॅटोसेकंद एका सेकंदात मावतात.

इथवरचा प्रवास कुणालाही थक्क करेल. माझा वाद इथून पुढे सुरू होतो.

बातमीत जो आकडा येतो तो बहुतेक वेळा स्पंदाचा असतो, मोजमापाचा नव्हे. दोन्हींत अंतर पडतं, आणि कधीकधी फार मोठं पडतं. वायूच्या नमुन्याचंच उदाहरण घ्या. नमुना हलवणारा प्रकाश प्रकाशाच्याच वेगाने धावतो. १ लाख व्होल्टचा इलेक्ट्रॉन त्याच्या जेमतेम ५५ टक्के वेगाने. २०० मायक्रोमीटर जाडीच्या वायूच्या फवाऱ्यातून दोघे जाईपर्यंत त्यांच्यात सुमारे अर्ध्या पिकोसेकंदाची तफावत पडलेली असते. तुमचा स्पंद १० फेम्टोसेकंदांचा असो की अर्ध्या फेम्टोसेकंदाचा, चित्र ५०० फेम्टोसेकंदांनी धूसर होणारच. इलेक्ट्रॉनांना ३० ते ४० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा दिली, म्हणजे तितक्या व्होल्टने वेग दिला, की ते प्रकाशाच्या वेगाच्या ९९ टक्क्यांच्या आसपास जातात आणि हीच तफावत पाच फेम्टोसेकंदांच्या आसपास येते. शिवाय इतक्या वेगात एकमेकांना ढकलणंही फार कमी होतं. म्हणजे इथे खरी प्रगती वेग वाढवल्याने झाली, स्पंद छाटल्याने नाही. हे एका ओळीच्या बातमीत मावत नाही, हे मान्य. पण विद्यापीठाच्या प्रसिद्धिपत्रकात मावायला काय हरकत आहे?

‘रेणूंचा चित्रपट’ या शब्दप्रयोगाचंही तेच. वाचणाऱ्याला वाटतं, एक रेणू पकडला आणि त्याची हालचाल क्रमाने टिपली. प्रत्यक्षात तो क्षणचित्रांचा प्रयोग असतो: नमुना लेझरने हलवायचा, ठरावीक उशिराने एक स्पंद पाठवायचा, मग सगळं पहिल्यासारखं शांत होऊ द्यायचं आणि पुन्हा तेच. एका स्पंदात एक इलेक्ट्रॉन आणि सेकंदाला १ लाख स्पंद धरले, तर १ कोटी इलेक्ट्रॉन जमायला १०० सेकंद लागतात, आणि हे झालं एकाच उशिराचं एक चित्र. तेवढ्यात नमुन्यावर लेझरचे १ कोटी घाव बसलेले असतात. जो पदार्थ प्रत्येक घावानंतर हुबेहूब मूळ स्थितीला येतो, तोच या पद्धतीने पाहता येतो. वितळणं, तडकणं, जळणं, सजीव पेशीतली एकदाच घडणारी घटना यांना ही अट पाळता येत नाही. वितळणारं ॲल्युमिनियम पाहतानाही प्रत्येक वेळी पटलाची नवी जागा समोर आणावी लागली होती. एकाच स्पंदात पुरेसे इलेक्ट्रॉन भरून एकाच फटक्यात चित्र घेणं हा त्यावरचा मार्ग, आणि नेमकं तिथेच स्पंदाचा छोटेपणा थोडा सोडून द्यावा लागतो. विक्रमाच्या मागे लागलेल्याला ही तडजोड परवडत नाही. उद्या बॅटरीतला इलेक्ट्रोड किंवा उत्प्रेरकाचा पृष्ठभाग चालू स्थितीत पाहायचा असेल, तर मात्र तीच करावी लागेल.

अ‍ॅटोसेकंदांच्या बाबतीत प्रश्न आणखी टोकदार होतो. अणूंच्या केंद्रकांची हालचाल पाहायला त्यांची गरजच नाही. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यातल्या बंधाचं कंपन, जे सर्वांत वेगवान कंपनांमध्ये मोडतं, तेसुद्धा सुमारे १० फेम्टोसेकंदांचं असतं. अ‍ॅटोसेकंद लागतात ते इलेक्ट्रॉनांची हालचाल पाहायला. पण पाठवलेला इलेक्ट्रॉन नमुन्यातल्या सगळ्याच इलेक्ट्रॉनांवरून आणि केंद्रकांवरून विखुरतो, आणि त्यातले हलणारे बाहेरचे इलेक्ट्रॉन असतात थोडे. एकूण विखुरण्यात त्यांच्यामुळे होणारा फरक अगदी पुसट. तो ओळखायला भरपूर इलेक्ट्रॉन हवेत, आणि छोट्या स्पंदात इलेक्ट्रॉनच कमी. शिवाय निसर्गाचा एक हिशेब चुकवता येत नाही: स्पंद जितका छोटा, तितकी त्याच्या ऊर्जेतली व्याप्ती मोठी. १०० अ‍ॅटोसेकंदांच्या स्पंदात ऊर्जा किमान १८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट तरी पसरलेली असणार. इलेक्ट्रॉनने नमुन्यात नेमकी किती ऊर्जा गमावली, यावरून पदार्थाविषयी पुष्कळ काही कळतं. त्या बारीक नोंदीवर इथे पाणी सोडावं लागतं. यात भर म्हणजे आज हाती असलेले अ‍ॅटोसेकंद स्पंद बहुतांशी सुटे नसतात, मालिकेत येतात, आणि दोन स्पंदांमधलं अंतर प्रकाशलहरीच्या एका आवर्तनाएवढं, म्हणजे नेहमीच्या लेझरसाठी सुमारे अडीच ते साडेतीन फेम्टोसेकंद असतं. जी घटना प्रत्येक आवर्तनाला तशीच घडते, तिच्यासाठी ही मालिका उत्तम. बाकीच्या घटनांसाठी ‘अ‍ॅटोसेकंद’ हा शब्द वापरताना जरा थांबायला हवं.

२०२४ साली ॲरिझोना विद्यापीठातल्या गटाने ६२५ अ‍ॅटोसेकंदांचं मोजमाप करून ग्राफीनमधल्या (कार्बनच्या अणूंच्या एकपदरी पडद्यातल्या) इलेक्ट्रॉनांची हालचाल पाहिल्याचा दावा केला. पद्धत कल्पक होती. लांब इलेक्ट्रॉन स्पंदाच्या ज्या पातळ कापावर लेझरचा स्पंद पडतो, तेवढ्याच इलेक्ट्रॉनांची ऊर्जा बदलते. ते निवडून घ्यायचे आणि बाकीचे टाकून द्यायचे. बातम्या जगभर झाल्या. पुढे या क्षेत्रातल्याच जाणकारांनी त्या मापनाच्या अर्थावर लेखी आक्षेप घेतले, त्यांची बातमी कुठे झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही. आक्षेप बरोबर की दावा बरोबर, हे तज्ज्ञ ठरवतील आणि ते ठरवण्याची विज्ञानाची रीत चांगली आहे. मला खुपतं ते एवढंच की वाचकाच्या लक्षात फक्त ६२५ हा आकडा राहिला.

यावर एक भारदस्त उत्तर मिळतं आणि ते मी टाळणार नाही. विक्रमाच्या ओढीनेच साधनं तयार होतात, असं म्हणतात. ते खरं आहे. आन लुइये यांनी १९८७ साली वायूतून लेझरच्या मूळ वारंवारतेच्या कित्येक पटींच्या लहरी निघताना पाहिल्या, तेव्हा त्यांचा उपयोग कुणाला ठाऊक नव्हता; २००१ मध्ये त्यातून अ‍ॅटोसेकंदांचे प्रकाशस्पंद मोजले गेले आणि २०२३ मध्ये लुइये, आगोस्तिनी आणि क्राउस यांना नोबेल मिळालं. झवैल यांच्या गटाला २००९ साली इलेक्ट्रॉन आणि फोटॉनची देवाणघेवाण दिसली, तीही कुठल्या मागणीवरून नव्हे. तेव्हा अ‍ॅटोसेकंदांच्या कामाचा पैसा कापा, असं मी म्हणत नाही. ते काम चालायलाच हवं. मात्र ते काम म्हणजे अख्खं क्षेत्र नव्हे, आणि अनुदानाच्या अर्जात व निवड समितीच्या टेबलावर ‘आमचा स्पंद त्यांच्यापेक्षा छोटा’ हा युक्तिवाद वजनदार ठरू नये.

याच इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या घराण्यात एक धडधडीत दाखला आहे. प्रथिनांची अणुपातळीवरची रचना उलगडणारी क्रायो, म्हणजे नमुना गोठवून पाहण्याची, पद्धत २०१७ चं रसायनशास्त्राचं नोबेल घेऊन गेली. इलेक्ट्रॉनची तरंगलांबी दशकानुदशकं हवी तेवढी लहान होतीच. अडत होतं दुसरीकडे. झाक दुबोशे यांनी १९८० च्या दशकात पाणी इतक्या झटकन गोठवलं की त्याचा बर्फाचा स्फटिकच होईना. योआखिम फ्रांक यांनी हजारो अंधूक चित्रं जुळवून एक स्पष्ट चित्र काढण्याचं गणित बसवलं. रिचर्ड हेंडरसन प्रथिनांच्या अणुपातळीवरच्या चित्रामागे लागून राहिले. आणि इलेक्ट्रॉन थेट मोजणारे नवे डिटेक्टर २०१० नंतर आले तेव्हा सगळं एकदम वर उसळलं. यातली एकही गोष्ट ‘जगातला सर्वांत वेगवान’ किंवा ‘सर्वांत सूक्ष्म’ या मथळ्यात बसली नसती. इलेक्ट्रॉन स्पंदांच्या क्षेत्रात आज उणीव आहे ती याच जातीच्या कामाची: जास्त संवेदनशील डिटेक्टर, जिटर मोजून दुरुस्त करण्याच्या पद्धती, एका स्पंदात जास्त इलेक्ट्रॉन देणारे कॅथोड, आणि मुख्य म्हणजे नमुने. इलेक्ट्रॉन जाड पदार्थातून पार होत नाहीत. साधारण १०० नॅनोमीटरचा, केसाच्या जाडीच्या शेकडो पटींनी पातळ नमुना लागतो. तो तयार करणारा माणूस शोधनिबंधाच्या लेखकयादीत मधेच कुठेतरी असतो.

पैशाचा विषय निघाला की क्ष-किरणांच्या महाकाय यंत्रांकडे पाहावं लागतं. हँबर्गजवळचा युरोपियन एक्सफेल ३.४ किलोमीटर लांब आहे. २०१७ मध्ये तो सुरू झाला तेव्हा बांधणीचा खर्च २००५ च्या किमतींत १.२२ अब्ज युरो सांगितला गेला. इलेक्ट्रॉनांचं यंत्र एका खोलीत, फार तर एका दालनात मावतं. ‘मग मोठी यंत्रं कशाला?’ हा सोपा निष्कर्ष मी काढणार नाही. जाड नमुने, मोठे स्फटिक, द्रावणातली प्रथिनं, आणि एका स्पंदात अब्जावधी फोटॉन लागतील असे प्रयोग क्ष-किरणांनाच जमतात. पण ज्या प्रश्नांना खोलीतलं यंत्र पुरतं, त्यांच्यासाठीही मोठ्या यंत्राच्या रांगेत उभं राहावं लागणं, ही निव्वळ उधळपट्टी आहे. आणि खोलीतली बरीच यंत्रं ज्या गटाने बांधली त्याच्याच दारामागे बंद असतात. ती चालवणारा विद्यार्थी पदवी घेऊन गेला की निम्मं कसबही त्याच्याबरोबर जातं. त्यामुळे मधल्या आकाराची, बाहेरच्या संशोधकांना अर्ज करून वापरता येतील अशी, कायम तंत्रज्ञ नेमलेली केंद्रं उभारण्यावर पैसा लागला पाहिजे असं मला ठामपणे वाटतं. कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेने आपल्या क्ष-किरण लेझरच्या शेजारीच ३० ते ४० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टचं असं एक यंत्र सर्वांसाठी खुलं केलं आहे. त्याचे स्पंद साधारण १०० फेम्टोसेकंदांच्या घरातले. मथळ्याच्या भाषेत सांगायचं तर मागासलेले.

त्याच यंत्रावर २०१९ मध्ये सायक्लोहेक्साडाइनच्या रेणूची कडी प्रकाश पडताच उघडताना दिसली. २०२१ मध्ये तिथे द्रव पाणी पाहिलं गेलं. अवरक्त लेझरने एका रेणूला धक्का दिल्यावर शेजारच्या रेणूचा ऑक्सिजन सुमारे ८० फेम्टोसेकंदांत ४ पिकोमीटर जवळ ओढला गेला, आणि साधारण एका पिकोसेकंदात ती ऊर्जा उष्णतेत विरून रेणू परत दूर सरकले. पाण्यातला हायड्रोजन बंध असा आखडताना त्याआधी कुणी थेट पाहिला नव्हता. त्यासाठी लागला होता निर्वातात वाहत राहणारा, १०० नॅनोमीटर जाडीचा पाण्याचा सपाट पडदा, आणि तो पडदा शक्य झाला नळीच्या टोकाच्या नव्या घडणीमुळे. अ‍ॅटोसेकंदांची मालिका त्याच्या चार वर्षं आधीच तयार झाली होती. या प्रयोगात तिची गरज पडली नाही.